साकु म्हंजे पुरे

(१९३१ चा जून. सोलापूर, नवी पेठ. सुंदरम्मांच्या कापडदुकानामागची खोली. सकाळचे दहा.)

वच्छला : ह्या दोन साड्या, ही शाई, हा इंग्रजी कोश. सगळं आहे तसं आहे, अक्का. घडीसुद्धा मोडलेली नाही.

सुंदरम्मा : अय्यो, हे काय ग? परत कशाला आणलीस? दोन वाजता गाडी आहे तुझं. ट्रंक कुठं आहे?

वच्छला : मी पुण्याला जात नाही. तुम्हाला ठाऊक असून मला कशाला विचारता?

सुंदरम्मा : मला काय ठाऊक? कॉलेजच्या बाईंचं पत्र आलं, बोर्डिंगात जागा ठेवलंय म्हणून. तुझं गादी मी स्वतः बांधून ठेवलं. आणि आता येऊन म्हणालीस, जात नाही! डोकं फिरलं काय तुझं?

वच्छला : माझं नाही फिरलं. अक्का, चौथीपासून तुम्ही मला शिकवलंत. आमच्या कुंभारी गावात कुठल्या पोरीनं शाळेचं दार पाहिलं नव्हतं, मी मॅट्रिक झाले. आता पुरे वाटलं तर वाटलं, तुमची मर्जी. पण मला समोर बसवून सांगायचं होतंत! आप्पांच्या तोंडून कशाला ऐकवलंत?

सुंदरम्मा : थांब, थांब. काय ऐकवलं तुझ्या बापानं?

वच्छला : की तुम्ही म्हणालात, पुरे झालं पोरीचं.

सुंदरम्मा : मी?

वच्छला : गेल्या बुधवारी. आणि आप्पा रविवारी उठले ते थेट करमाळ्याला. तिथं कुणी आबासाहेब आहेत, त्यांच्या धाकट्या मुलाशी माझी सुपारी फोडून आले. परवा साखरपुडा. मुलगा चार इयत्ता शिकलाय म्हणे, आणि दोन म्हशी आहेत. म्हशींचं आप्पांनी दोनदा सांगितलं.

सुंदरम्मा : कुठं आहे तो?

वच्छला : बाहेर तुमच्याच दुकानात. कापडाच्या घड्या घालतायत, जसं काही झालंच नाही.

सुंदरम्मा : कुंडलिक! ए कुंडलिका! हातातलं टाक आणि आत ये!

कुंडलिक : आलो, अक्का. ...तू हितं गं? तुला घरात बस म्हटलं हुतं की!

सुंदरम्मा : तिला बोलू नको, मला बोल. पोरीचं शिकणं पुरे, असं मी कधी म्हटलं?

कुंडलिक : जाऊ द्या की, अक्का. झालं ते झालं. लई केलंत तुमी. माझी काय बी तक्रार न्हाय.

सुंदरम्मा : तक्रार विचारलं काय मी? कधी म्हटलं, ते सांग.

कुंडलिक : बुधवारी. अक्कलकोटासनं तुमचं भाऊ आलं हुतं, रेवणसिद्धअप्पा. हितंच बसलं हुतं. मी भाईर मांजरपाटाचा तागा गुंडाळत हुतो. तुमचं कानडीत चाललं हुतं. पुण्याचं नाव निघालं, वच्छीचं नाव निघालं. मग तुमी म्हणालासा, "साकु." आन् लगीच फुडं, "मगळु." साकु म्हंजे पुरे, मगळु म्हंजे पोरगी. बारा वर्सं हाय तुमच्या दुकानात, एवढं कळतंय मला. जेवताना वाढप्याला म्हणता की तुमी लोकं, साकु, साकु!

सुंदरम्मा : अय्यो शिवने!

वच्छला : काय झालं? हसताय का, अक्का?

सुंदरम्मा : हसू का रडू, मलाच कळेना. अरे शहाण्या, ते दोन शब्द नाहीत, एकच आहे. साकुमगळु! साकु म्हंजे पुरे, बरोबर. पण साकु म्हंजे सांभाळणं पण, पोसणं पण. साकुमगळु म्हंजे आपण पोसलेली लेक. भाऊ म्हणाला, "परक्याच्या पोरीवर कशाला उधळालीस? सिद्धेश्वराला कमान बांध, तुझं नाव राहील." मी म्हटलं, परकी नाही ती, माझी साकुमगळु आहे. आणि कमान काय मॅट्रिक होतंय?

वच्छला : म्हणजे तुम्ही पुरे म्हणालाच नाहीत?

सुंदरम्मा : पुरे? पदवी हातात येईपर्यंत सोडणार नाही मी तुला!

वच्छला : आप्पा, ऐकलंत? एका शब्दापायी माझं लग्न ठरवून आलात! अहो, एकदा विचारायचं होतं. दुकानातून ह्या खोलीत यायला चार पावलं लागतात!

कुंडलिक : मालकिणीला काय इचारायचं? ...आन् अक्का, एक बोलू? रागावू नगा.

सुंदरम्मा : बोल.

कुंडलिक : माझी लेक तुमी पोसलेली कशी हो? तिचा बाप मेलाय व्हय? तुमी फी भरली, पुस्तकं दिली, सगळं मान्य. पर भाकरी माझ्या घरची खाल्लीय तिनं. तिची आई गेल्यावर मीच थापली भाकरी. करपली, वाकडी झाली, पर मीच थापली.

सुंदरम्मा : ...चुकलं माझं. भावाचं तोंड बंद करायला बोलून गेले. तुझ्या जिव्हारी लागेल, हे डोक्यात आलंच नाही बघ.

वच्छला : तुमचं भांडण नंतर करा हो! दोनला गाडी, परवा साखरपुडा. मी कुठं जायचं ते सांगा कुणीतरी. नाही, सांगू नका, मीच सांगते. मला पुण्याला जायचंय. आप्पा, मला जायचंय! मी काल सकाळपासून जेवले नाही, आणि तुम्हाला वाटलं माझा उपास आहे.

कुंडलिक : सुपारी फुटलीया, पोरी. चार माणसांत शब्द दिलाय.

वच्छला : चुकून दिलात तो.

कुंडलिक : चुकून न्हाय.

सुंदरम्मा : म्हंजे?

कुंडलिक : खरं सांगतो. साकु ऐकलं आन् जीव गार झाला माझा. म्हणून तर इचारलं न्हाय. इचारलं आन् तुमी "तसं न्हाय" म्हणालासा, तर? अक्का, बारा वर्सं तुमी भाऊभैण बोलता आन् मी भाईर तागं गुंडाळतो. शंभरातलं दोन शब्द कळत्यात, ते बी हे असं उलटं. ही पुण्यासनं शिकून आली की तिचं बोलणं बी मला असंच कळायचं का? दोन शब्द? पोटच्या लेकीचं? करमाळ्यात दिली तर तिचं बोलणं तरी माझ्यासारखं राहील, असं वाटलं.

वच्छला : आप्पा...

कुंडलिक : लई भ्यालो गं.

वच्छला : मग हे मला का नाही म्हणालात?

कुंडलिक : बाप लेकीला असं म्हणतोय व्हय?

वच्छला : म्हणायचं! मी बोललेलं नाही कळलं तर मला मधेच तोडायचं. म्हणायचं, वच्छे, पुन्यांदा सांग. मी दहा वेळा सांगेन. चिडेन, पण सांगेन.

सुंदरम्मा : चिडकी तर आहेच. चौथीत असताना मास्तरांनी नाव चुकीचं लिहिलं म्हणून त्यांच्याशी भांडून आली होती. ...कुंडलिक, मी हुकूम देणार नाही. मालकीण म्हणून सांगितलं तर तू ऐकशील, आणि जन्मभर मनात शिव्या देशील. बाप तू आहेस. तूच बोल.

वच्छला : अक्का! असं कसं म्हणता?

सुंदरम्मा : तू गप बस जरा.

कुंडलिक : ...आबासाहेब लई तापट मानूस. पायातलं काढंल.

वच्छला : मी चिठ्ठी लिहून देते. लिहिते, मुलगी नाही म्हणाली.

कुंडलिक : काय गरज न्हाय. पोरीनं मोडलं म्हटलं की पोरीचं नाव खराब. बापानं मोडलं म्हटलं की बाप येडा, एवढंच. येडा म्हणून घ्यायला मला काय लागतंय? शब्द मी दिला, मीच जाऊन माघारी घेतो. साखरपुड्याच्या आदी जायाला पायजे. आजच.

सुंदरम्मा : आणि पोरीला गाडीत कोण बसवणार मग? तू तर करमाळ्याला निघालास.

कुंडलिक : अक्का, करमाळ्याला जायाचं तर जेऊरला उतराय लागतंय. पुण्याचीच गाडी ती.

वच्छला : म्हणजे आपण एकाच गाडीनं?

कुंडलिक : जेऊरपतूर. तू बायकांच्या डब्यात, मी शेजारच्या.

सुंदरम्मा : मग उभी काय राहिलीस? त्या साड्या उचल, ट्रंक भर. मी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधते. आणि दोघं पण आधी हितं बसून दोन घास खा, तोंडं बघा तुमची.

वच्छला : आप्पा, खरंच ना? वाटेत मन नाही ना बदलणार तुमचं?

कुंडलिक : ते कसं सांगू? हे बघ वच्छे, जेऊरला गाडी थोडा येळ थांबती. मी उतरून तुझ्या खिडकीपाशी येणार. माझा काय भरवसा न्हाय. तवा मी रडलो, हात धरला, "चल, घरला जाऊ" म्हणालो, तरी तू उतरू नगंस.