तेल आत, पाणी बाहेर

...आणि वर हे लोक मलाच विचारतात, "काय जी गुर्जी, नाव पान्यात असते का पळसाखाली?" आता तुम्हीच सांगा, याला काय उत्तर द्यावे? नाव माझ्या दारासमोर पळसाच्या झाडाखाली विटांवर उभी आहे, हे मलाही दिसते. डोळे मलाही आहेत! पण ती तिथे का उभी आहे, हे कोणी विचारत नाही. मी मुळात मितभाषी माणूस, उभी हयात शाळेत गेली, वर्गात एक शब्द अधिक उच्चारला नाही, पण हा विषय निघाला की तुम्हाला सांगतो, मला आवरत नाही, कारण माझी मागणी काय होती? तेल आत राहावे, पाणी बाहेर राहावे. एवढीच! यात लोभ आहे? यात अहंकार आहे?

मूळ प्रकरण असे. माझा मेहुणा सुगत नागपूरला असतो. तिथल्या कुठल्याशा क्लबाने एक शिडाची नाव मोडीत काढली, ती याने उचलली, ट्रकवर चढवली आणि आसगावच्या पलीकडे, धरणाच्या फुगवट्याकाठी आमची जी नवी वस्ती आहे, तिथे माझ्या दारात आणून उतरवली. कशासाठी? "ताईले टेकडीवर जाता येईन ना, भाऊजी!" शीड आहे, ठीक, पण आमच्याकडे वारा कुठे आहे? धानाच्या लोंब्या जराशा हलल्या की लोक म्हणतात, आज हवा सुटली! म्हणून नाव चालते ती इंजिनावर, आणि इथूनच माझ्या अधःपतनाला सुरुवात होते...

थांबा, आधी टेकडीचे सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारा हौसेखातर नाव चालवतो. रत्नमाला, म्हणजे माझी पत्नी, हिचे माहेर धरणाच्या पाण्यात गेले. घरे गेली, विहीर गेली, धानाच्या बांध्या गेल्या. उरली एक टेकडी आणि तिच्या माथ्यावरचा पिंपळ. तो तिच्या वडिलांनी लावलेला, छप्पन साली दीक्षा घेऊन नागपूरहून परतले तेव्हा. वर्षावास संपतो त्या आश्विन पौर्णिमेला ती तिथे जाते, मेणबत्ती लावते, वंदना घेते, परत येते. यंदा पाणी आणखी वर चढवणार असे जो तो म्हणत होता. म्हणजे पुढच्या वर्षी टेकडी राहते की नाही, कोणी सांगावे? तेव्हा ती एवढेच म्हणाली, "यंदा मले जायचंच हाय." लग्नापासून या बाईने माझ्याकडे काही मागितले नाही, आणि मागितले तेव्हा मधे काय आडवे यावे? रबराचे कडे! बांगडीएवढे!

आता नीट ऐका, मी हे एकदाच सांगतो. इंजिन नावेच्या पोटात. पंखा खाली पाण्यात. या दोघांना जोडणारा एक लोखंडी पाय नावेच्या तळातून खाली उतरतो, त्याच्या आत दातेरी चाके, आणि ती चाके तेलात बुडालेली. पंख्याचा दांडा त्या पायातून जिथे बाहेर पडतो, तिथे ही दोन रबरी कडी बसवलेली असतात. ऑइल सील. त्यांचे कर्तव्य काय? तेल आत, पाणी बाहेर. जन्मभर दुसरे काम नाही! तरी त्यांच्याने ते होऊ नये? मी पायातले तेल घरातल्या गंजात, म्हणजे पातेल्यात, उतरवले, तर ते दुधाच्या चहासारखे पांढुरके! रत्नमाला आली, गंजाकडे पाहिले, म्हणाली, "अवो, चहा मांडला तं मलेही सांगाचं ना." मी म्हटले, हे तेल आहे. तिने माझ्याकडे पाहिले, गंजाकडे पाहिले, आणि म्हणाली, "माह्या दुधाच्या गंजात?"

सील झिजले कशाने? तर दांड्याला नायलॉनचा धागा गुंडाळला गेला होता, आणि तो रबर कापत कापत आत शिरला होता. धागा कोणाचा? परसरामच्या जाळ्याचा. परसराम आमच्या वस्तीतला मासेमार. आजवर दर आश्विन पौर्णिमेला रत्नमाला त्याच्याच डोंग्यातून टेकडीवर गेली. मी त्याला शांतपणे, संयमाने, फक्त वस्तीला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हटले, तुझ्या जाळ्याने माझे सील खाल्ले! तर तो म्हणतो, "गुर्जी, तुमच्या पंख्यानं माहं जाळं खाल्लं, त्याचं कोन बोलंन?" तेव्हापासून अबोला. आणि मी कोण? गावाच्या तंटामुक्त समितीचा अध्यक्ष!

सुगतला फोन लावला. तो म्हणतो, "भाऊजी, मिस्तरी पाठवतो." मी म्हटले, नको. आयुष्यभर मुलांना स्वावलंबन शिकवले, आता दोन कड्यांसाठी मिस्तरी? मोटारसायकल काढली आणि लाखनी गाठली. तिथे हमरस्त्यावर ट्रकच्या सुट्या भागांची दुकाने आहेत, त्यातल्या एकात तुलाराम नावाचा गृहस्थ बसतो. मी म्हटले, दोन ऑइल सील द्या. "ट्रकले पाह्यजे का ट्रॅक्टरले?" शिडाच्या नावेला. त्याने हातातला चहा खाली ठेवला. "गाडी नंबर?" नंबर नाही. "मॉडेल?" ठाऊक नाही. "मंग कोनत्या रोडनं चालते?" रोडने चालत नाही हो, पाण्यात चालते! त्याने झिजलेले सील हातात घेतले, फिरवले, आत जाऊन दोन नवे आणले. "हे धान मळाच्या मशीनचे होय. पन माप तेच. बसते का पाहा, नाई बसलं तं वापस नाई घेनार." याला विक्री म्हणतात? मी घेतले. दुसरा मार्ग होता का?

आता इथे लक्ष द्या, कारण माझा अपराध इथे आहे... अपराध म्हणा, तत्त्व म्हणा. जुने सील मी पेचकसाने उचकटून काढले, तर पाहतो काय, ते दोघे एकाच घरात, एकाच दांड्यावर, एकमेकांकडे पाठ करून बसलेले! एकाचे तोंड आत, दुसऱ्याचे बाहेर. तुम्हाला सांगतो, तंटामुक्त समितीत बसून बसून मी आयुष्यात एकच गोष्ट शिकलो: पाठीला पाठ लागली की घर गेले. भाऊ-भाऊ असोत, सासू-सून असोत, मी प्रथम त्यांची तोंडे फिरवतो, मग बोलतो. मला लख्ख उमगले. नाव का बिघडली? यामुळे! कोण्या अविचारी कारागिराने या दोघांत दुही पेरली होती! तेव्हा मी नवे सील कसे बसवले? दोघांचे तोंड एका दिशेला, आतल्या बाजूला. एकविचाराने!

बसवायला काय लागते? सगळीकडून सारखा दाब. हातोडीचा घाव एका बाजूला पडला की कडे तिरपे. त्याला बरोबर त्या मापाचे काहीतरी वर ठेवून ठोकावे लागते, आणि ते माप संबंध घरात फक्त एका वस्तूचे होते: पितळी गिलास. सासऱ्यांचा. मी तो उचलला, सीलवर उपडा ठेवला आणि हातोडी उगारली, इतक्यात मागून, "अवो, थो गिलास माह्या बापाचा होय!" मी म्हटले, त्यांच्याच पिंपळाकडे जायचे आहे ना? ती काही बोलली नाही. ते गप्प राहणे मी संमती समजलो... चूक क्रमांक किती, ते तुम्ही मोजा, मी मोजणे सोडले.

ट्रॅक्टर लावून नाव पाण्यात. फेरी मारली. परत ओढून विटांवर. तेल काढले. पांढुरके! पुन्हा चहा! तेल बाहेर गेले नव्हते हो, थेंबही नाही, पण पाणी खुशाल आत आले होते. ठीक. मी माणूस हटवादी नाही. मी विचार केला, एकी योग्य, फक्त दिशा चुकली. तेव्हा दोघांची तोंडे बाहेरच्या बाजूला वळवली. पुन्हा गिलास, पुन्हा हातोडी, पुन्हा ट्रॅक्टर. आणि काय सांगू... पाणी आत आले नाही! खरोखर नाही! तेल तेवढे बाहेर आले, सगळे, आणि फुगवट्यावर इंद्रधनुष्यासारखा तवंग पसरत परसरामच्या जाळ्यापर्यंत गेला. तो काठावर उभा राहून ओरडला, "गुर्जी, माशाईले आतापासूनच फोडनी देऊन राह्यले काय जी?" अबोला होता ना? मग? पण टोमणा मारायला बरे बोलता येते!

तेल आत, पाणी बाहेर. अहो, दोन्ही एकाच वेळी का होऊ नये? मी काय त्रैलोक्य मागत होतो?

आणि घरी रोजचा प्रश्न, "झालं का?" मी सकाळी पंचशील घेणारा माणूस. खोटे बोलता येत नाही. "झाले" म्हणता येत नाही आणि "नाही" म्हणवत नाही. मग मी म्हणे, "काम प्रगतिपथावर आहे." ती म्हणे, "पथावर नाई, इटावर हाय."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मी नावेखाली पडून होतो, आणि वरून तो पाय माझ्या कपाळावर थेंब थेंब तेल गाळत होता, तेव्हा मला कळले. आतल्याने तेलाकडे पाहावे. बाहेरच्याने पाण्याकडे पाहावे. एकमेकांकडे त्यांनी कशाला पाहावे? पाठीला पाठ लावून बसले होते ते भांडण नव्हते... तो पहारा होता! मीच जाऊन त्यांची समजूत घातली! आता यात आनंद मानावा की लाज, ते नंतर ठरवू म्हटले, आणि घाईघाईने दोन्ही उपटले, एक उलटे केले, गिलास ठेवला, ठोकले. आणि तिसऱ्यांदा ठोकलेल्या त्या रबराचा ओठ दुमडला आणि टर्रकन फाटला.

तुलारामला फोन केला. "दोनच व्हते जी. नागपूरून बलवा लागन." कधी येतील? "पौर्निमा झाल्यावर."

सकाळी रत्नमाला पांढरे लुगडे नेसून, हातात फुलांची परडी आणि मेणबत्त्या घेऊन बाहेर आली. मीही पांढरा सदरा घातला होता, पण नावेखाली होतो. शेवटचा प्रयत्न म्हणून फाटलेल्या ओठाला ग्रीस चोपडत होतो. म्हटले, जरा थांब. तिने नावेकडे पाहिलेसुद्धा नाही. सरळ काठाकडे निघाली. मी हातात पाना तसाच घेऊन मागे धावलो, तर काठावर परसराम डोंगा धुऊन पुसून तयार! मी रत्नमालेला विचारले, याला कधी सांगितलेस? ती म्हणाली, "तुमी गिलास उचलला ना, त्याच दिशी."

मग मी काय केले? काय करणार! समितीचा अध्यक्ष मी, मुकाट्याने डोंग्यात पाय टाकला. डोंगा म्हणजे झाडाचे खोड कोरलेले, रुंदी ती किती! मी तिच्या मागे, तिच्याच दिशेला तोंड करून बसलो, डोंगा गपकन कलला. परसराम ओरडला, "गुर्जी, उठा! दोघंही टेकडी पाहाले वाकता, पानी आत येते ना! तुमी तिकडं तोंड करा. पाठीले पाठ लावा बाईच्या. हां... आता हालू नका."

पाठीला पाठ! तुम्हाला सांगतो, संबंध आयुष्यात मी या गावात कोणाला असे बसू दिले नव्हते. ती टेकडीकडे तोंड करून, मी घराकडे. मला दिसत काय होते? माझी नाव. पळसाखाली. विटांवर. लहान लहान होत चाललेली. मागून ती म्हणाली, "पिंपळ दिसून राह्यला जी. बुडखा पान्यात गेला, पन वर पालवी हाय. दिसते काय तुमाले?" मी म्हटले, मला कसा दिसेल? तू सांग. आणि ती सांगू लागली. कोणती फांदी वडिलांनी टेकू देऊन वाढवली, खाली कोण कोण बसत असे, पहिली वंदना कोणी म्हटली... उभ्या संसारात बोलली नसेल इतके त्या वाटेत बोलली, आणि मी पाठीने ऐकत होतो. वळायची सोय नव्हती ना!

पाण्याचा एक थेंब आत आला नाही. शपथेवर सांगतो. पाणी बाहेर, पूर्णपणे बाहेर. टेकडीला डोंगा टेकला, ती उतरली, मग मागे वळून तिने प्रथमच माझ्याकडे नीट पाहिले, वरपासून खालपर्यंत, आणि पदर तोंडाला लावला. मी खाली पाहिले.

पाणी बाहेर होते हो. तेल तेवढे सगळे माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर होते.