न पाहिलेला शेवट

आमच्या घरी पिक्चरवर मत द्यायचा पहिला मान बाबांचा, अन् शेवटचा अर्धा तास झोपायचा मानही त्यांचाच. त्या दिवशी पिक्चर संपताच जागे होऊन म्हणाले, “तो भाऊ लई बिनडोक हाय. विधवा बहीण पुन्हा लगीन करून राहिली, तर याच्या पोटात का दुखावं?”

शेंगा सोलणारी आमची विधवा आत्या हळूच म्हणाली, “दादा, हदगाव गाडीच्या कंडक्टरनं मला लग्नाचं विचारलंय. हाव म्हणू?”

बाबा उठून बसले. मग आईला म्हणाले, “त्या भावानं शेवटी काय केलं गं?”

“मांडव घातला की!”

“मग रविवारी बोलवा त्यांना जेवायला.”

खरं तर पिक्चरमधला भाऊ शेवटपर्यंत न्हाईच म्हणतो. आत्याच्या लग्नाला दोन वर्षं झाली, बाबांना अजून कुणी सांगितलं न्हाई.