पॅक म्हणणारी कासारीण

बसा मंडळी, बसा. मृदंगवाले, जरा थांबा — माझाही घसा बसलाय. तीस वर्षं बोलतोय. तुम्ही तसेच, मीही तसाच. आज एवढंच विचारतो — मागं सरणं शहाणपण कधी, आणि कधी ती नुसती सवय?

ऐका! भैरोबाच्या जत्रेत पायथ्याला एकच जागा, पिंपळाखाली. तिथं चपला काढायला माणूस थांबतो, थांबला की खरेदी करतो. बाकीच्यांनी सत्तर पायऱ्या चढून वर दुकान मांडायचं. त्या जागेवरून दरसाल डोकी फुटायची. शेवटी महादू गुरवानं तोड काढली — जत्रेच्या आदल्या दुपारी तीन पत्तीची स्पर्धा! जो जिंकेल त्याची जागा. कपाळाला आठ्या घालू नका, आजोबा; पत्ते तुम्हालाही येतात, आम्हाला ठाऊक आहे!

बारा दुकानदार. प्रत्येकाला पन्नास चिंचोके. दर डावाला एकेक चिंचोका मध्ये टाकायचा, तीन पत्ते घ्यायचे. पत्ते नकोसे वाटले तर 'पॅक' म्हणून पालथे ठेवायचे. गेला तर तेवढा एक चिंचोका. मात्र गुरव मधूनमधून घंटा वाजवणार, की हा मध्ये टाकायचा भरणा वाढला!

त्यात यमुनाबाई कासारीण. गुडघे गेलेले. घरून निघतानाच लेकीला म्हणाली, "पायथा मिळाला तर बसेन गं. नाहीतर बांगड्यांची पेटी आता माळ्यावर."

पहिलाच डाव! जिलबीवाल्या तात्याला दश्शांची जोडी आली. उठलाच तो — "सगळे!" पन्नासच्या पन्नास आत! अहो, मिळणार किती? मध्ये पडलेले बारा! बारासाठी पन्नास! समोर सोपान रेवडीवाल्याकडे राण्यांची जोडी. झालं! तात्या पिंपळाला टेकून उरलेली दुपार दुसऱ्यांचे पत्ते बघत बसला.

आणि यमुनाबाई? "पॅक." दुसरा डाव — "पॅक." सोपान म्हणाला, "मावशी, पत्ते खेळताय की बिस्तरा बांधताय?"

"तू खेळ बाबा," बाई म्हणाली. "मला उठबस झेपत नाही."

पण डोळे कुठं थकले होते? कोण पत्ते न बघताच ओरडतो, चांगले आले की कुणाचा पाय हलतो — सगळं टिपून घेतलं. सहा-सात डावांत एकदा खेळायची, ते पक्कं असेल तेव्हाच. बाकीचे एकमेकांना खाऊन उठले. उरले दोघं! सोपानपुढं चारशे चिंचोके, बाईपुढं दोनशे.

घंटा! आता भरणा किती? चाळीस! हिशेब करा, मंडळी. सुरुवातीला पॅक म्हणजे एक चिंचोका. आता पॅक म्हणजे चाळीस! सोपाननं हे ओळखलं. पत्ते न बघताच दर डावाला — "सगळे!"

बाई म्हणे, "पॅक." राहिले एकशेसाठ. "पॅक." एकशेवीस. "पॅक." ऐंशी.

चौथा डाव. बाईनं पत्ते उचलले. राजा. राजा. राजा! तीन राजे, मंडळी! असे पत्ते जन्मात एखाद्याला दिसतात. सोपान जांभई देत म्हणाला, "सगळे!"

आणि बाई म्हणाली — "पॅक."

पत्ते पालथे! पालथा पत्ता पुन्हा उचलायचा नाही, हा गुरवाचा नियम. सोपाननं स्वतःचे उलटून दाखवले — दुर्री, पंजा, नव्वा! कचरा! उरलेले चाळीस पुढच्या डावाला भरण्यातच गेले, आणि हाती आलं काहीच नाही. पायथा रेवडीचा झाला.

मी तिथंच होतो. विचारलं, "यमुनाबाई, राजे दिसले नाहीत का?"

"दिसले की, महाराज." गुडघा चोळत होती. "हात म्हणत होता खेळ. तोंडाला सवय लागली होती."

पेटी माळ्यावर गेली.

हसू नका! जिलबीवाल्या तात्याला हसा हवं तर. तसले उतावळे इथं चार आहेत, नावं घेत नाही. पण बाकीचे? तरुणपणी जपून राहिलात, बरं केलंत. आता साठी झाली — भावाशी बोलणं अजून पॅक! सुनेला 'बरं केलंस' म्हणणं पॅक! अहो, तिथं निदान घंटा तरी वाजत होती. तुमची वाजून किती वर्षं झाली?

मीही काय सांगू? मीही थकलोय.

बायांनो, कासारणीचं घर खालच्या आळीत आहे, एकही पायरी नाही. उद्या जा, पेटी खाली काढायला लावा. आणि आता टाळ उचला. देवाचं नाव घ्यायचंय — हळू आवाजात नाही, पत्ते उघडे टाकून!