बाटलीत म्हटलेली प्रार्थना

(मार्गारिटा बेटासमोरचा समुद्र, दुपार. होडीत निकानोर कप्तान आणि समुद्र-संशोधन केंद्रात पाणी तपासणारी यादिरा.)

निकानोर : अगं, प्रार्थनाच करायची माझी बायको. बाटलीत काही टाकायची नाही.

यादिरा : बाटलीच्या तोंडाशी तोंड नेऊन?

निकानोर : मग काय आभाळाकडे बघून? ज्या पाण्याला नेतोय, त्यालाच सांगायला हवं ना. समुद्रातून काही काढलं तर सांगून काढावं. आम्ही माशालासुद्धा सांगतो.

यादिरा : मासा काय म्हणतो?

निकानोर : नाराज असतो.

यादिरा : किती वर्षं चाललं हे?

निकानोर : दोमितिला होती तोवर. अकरा वर्षं, दर महिन्याला. मी पाणी काढायचो, ती प्रार्थना करून बूच लावायची. का, काय बिघडलं?

यादिरा : कप्तान, आपण श्वास सोडतो ना, त्यात तोच वायू असतो जो मी या पाण्यात मोजते. गाड्यांचा, कारखान्यांचा हवेत जातो, त्यातला चौथा हिस्सा समुद्र गिळतो. काही पाण्यातच विरघळून राहतो. काही बारीक जीव खातात, आणि मेले की सोबत घेऊन खाली जातात. तळाशी तो शेकडो वर्षं पडून राहतो.

निकानोर : म्हणजे समुद्र कुणाला नाही म्हणत नाही. बिचारा.

यादिरा : किती गिळला, ते या बाटल्या सांगतात. आकडा सावकाश चढत जातो. फक्त नऊ वर्षांपूर्वी, जूनमध्ये, एकदम खाली आला. मग तिथून पुन्हा चढायला लागला.

निकानोर : मे महिन्यात ती गेली.

यादिरा : हो. आमच्या साहेबांनी त्या जूनवर तीस पानं लिहिली आहेत. वाऱ्यामुळे झालं म्हणून.

निकानोर : वारा होता थोडा.

यादिरा : आता मी खरं कारण सांगितलं की ते दोमितिलाबाईंची अकरा वर्षं रद्द करतील. एकूण एक बाटली.

निकानोर : रद्द? तिने एक महिना चुकवला नाही, पोरी. अंगात ताप असताना आली. शेवटच्या वर्षी तर मी उचलून होडीत ठेवायचो तिला.

यादिरा : म्हणून तर विचारते. एक उपाय आहे. एकाच वेळी काढलेल्या पाण्याच्या दोन बाटल्या. एक मुकी. दुसरीवर तिची प्रार्थना, अगदी तिच्यासारखी. दोघींत किती फरक पडतो ते कळलं, की तेवढा जुन्या आकड्यांतून वजा करायचा. सगळी वर्षं वाचतील.

निकानोर : मग कर की.

यादिरा : मला ती येत नाही. तुम्हालाच येते.

निकानोर : वायेच्या चर्चमधल्या माउलीशी माझं बोलणं बंद आहे.

यादिरा : माहीत आहे. गावाला माहीत आहे. मिरवणुकीत सगळ्या होड्या तिच्या मूर्तीमागे जातात, तुमची उलटी जाते.

निकानोर : तिकडे मासे असतात.

यादिरा : कप्तान...

निकानोर : तीन दिवस गुडघ्यांवर होतो तिच्या चर्चमध्ये. एकच गोष्ट मागितली होती. एवढ्या मोठ्या समुद्राची मालकीण ती. तिला जड नव्हतं.

यादिरा : नव्हतं.

निकानोर : भर दोन्ही.

यादिरा : भरल्या. या मुकीला बूच लावलं. ही घ्या. बाई किती जवळ धरायच्या?

निकानोर : ओठ टेकायचेच बाकी राहायचे. गप्प बस आता. ... माउली, एवढं नेतोय आम्ही. बाकीचं तुझं. निकानोरला संध्याकाळी घरी पाठव.

यादिरा : स्वतःसाठीच मागितलंत?

निकानोर : शब्द बदलले की श्वास बदलेल. तिच्यासारखीच म्हणा, असं तूच म्हणालीस.

यादिरा : म्हणाले. लावा बूच. ... अरेरे, आत बुडबुडा राहिला. पुन्हा भरू?

निकानोर : असू दे. तिचाही राहायचा.