दोन बादल्या गोडं पाणी

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा, मागच्यांनी पुढे सरका. नामाचा महिमा झाला. आता एक प्रश्न विचारतो. माणूस मोठा झाला, हे ओळखायचं कशावरून? बंगल्यावरून? गाडीवरून? बरं, माणसाचं सोडा — देश मोठा झाला, हे कशावरून ओळखायचं?

हां! पुढचे काका म्हणतात, 'रॉकेटवरून!' असू दे काका, रॉकेटचा अभिमान मलाही आहे! पण आधी ऐका तर!

करंजबंदर नावाचं गाव. तिथले धाकू पावसे, जातिवंत दर्यावर्दी. आज वय अठ्ठ्याहत्तर, अजून काठी नाही! चाळीस वर्षांपूर्वी ते मालवाहू बोटीवर खलाशी होते. एकदा भर समुद्रात बोटीचं इंजिन बंद पडलं. बोट वाहत वाहत एका बलाढ्य देशाच्या बंदराशी आली. कोणता देश? नाव घेत नाही बाबा — उगाच माझा व्हिसा अडायचा!

तर त्या देशाचा आपल्यावर राग! जगाच्या सभेत कसलंसं मतदान झालं, आपण त्यांच्या बाजूनं हात वर केला नाही. झालं! बंदरातून निरोप आला, 'आत यायचं नाही!' आणि आसपासच्या बेटांनाही तंबी दिली, 'यांना कुणी थारा देऊ नका!' आपण तेव्हा कोण? विचारतो कोण आपल्याला? बोट पुन्हा लाटांवर वाहत निघाली, बोटीवरचं पाणी संपलं. ओठ फुटले. माणसं अंगावरचा घाम चाटायला लागली, मंडळी!

सहाव्या दिवशी दिसलं मालोआ बेट. नकाशावर तिळाएवढं! तिथली बंदर अधिकारी एक बाई, तालिया नावाची. तिचा हाताखालचा माणूस म्हणाला, "बाई, त्या मोठ्यांची तंबी आहे!" बाई म्हणाली, "असेल. आधी पाणी द्या, कागद मग बघू."

धन्य ती माउली! बोट आत घेतली. धाकूदादांना तालियानं स्वतःच्या घरी नेलं. दादा पोटभर प्याले. मग अंगणात दोन बादल्या भरलेल्या दिसल्या. आपला कोकणातला गडी, सहा दिवसांचं मीठ अंगावर! ओतल्या की दोन्ही डोक्यावर! गाणं म्हणत आंघोळ! दारात तालिया उभी, कडेवर पोर. हसली, काही बोलली नाही.

आता चाळीस वर्षं पुढे या. काळ फिरला, मंडळी! आपला देश मोठा झाला. तोच बलाढ्य देश आता आपल्याला 'मित्र मित्र' म्हणतो, गळ्यात गळा घालून फोटो काढतो! चांगलं आहे. राजकारणात असं होतंच, मीही नावं ठेवत नाही. पण तिकडे मालोआत समुद्र चढला, विहिरी खारट झाल्या. समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र त्यांनी आपल्याकडे मागितलं. आपण हो म्हटलं. आणि मित्र रुसला! का? मालोआनं त्याला स्वतःचं बंदर वापरायला दिलं नव्हतं. दिल्लीत कागद अडला. आपल्या लग्नात नाही का एक व्याही म्हणतो, त्यांना बोलावलंत तर आम्ही जेवणार नाही? अगदी तसंच!

धाकूदादांनी ही बातमी टीव्हीवर ऐकली. ताटावरून उठले. तडक ग्रामसभेत!

"ठराव लिवा. मालोआला यंत्र द्या म्हणून."

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं. "अहो दादा, परराष्ट्र धोरण ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत येत नाही!"

"पाणीपुरवठा येतो ना?"

"तो येतो."

"मग पाणीपुरवठ्याखाली लिवा!"

हसताय? सभाही हसली! पण दादा रडत होते. म्हणाले, "त्या बायनं पाणी दिलान म्हणून मी घरी आलो. नायतर माजी बायको तेवाच विधवा झाली असती." गटाराच्या विषयाआधी ठराव मंजूर, एकमतानं! सरपंचबाईंनी सही केली, शिक्का मारला, रवाना दिल्लीला!

दिल्लीहून उत्तर आलं, 'ठराव मिळाला.' बस! दोन शब्द!

आणि वर्षभरानं यंत्र गेलं. ठरावामुळे गेलं का? मला माहीत नाही. नारदांच्या गादीवर उभा आहे, खोटं बोलणार नाही. पण मित्राचा रुसवा सोसून माझ्या देशानं ते पाठवलं, आणि ते ऐकून माझे हात आपोआप जोडले गेले.

पुढे आभार मानायला मालोआ सरकारच्या एक बाई भारतात आल्या. गावाचं नाव आईकडून ऐकलेलं, म्हणून दिल्लीचं काम उरकून थेट करंजबंदरात! या बाई म्हणजे तालियाची मुलगी — तेव्हा कडेवर होती ना, तीच! ओटीवर बसली. दादांनी स्वतः गूळपाणी आणून दिलं. शिक्षिका असलेली सून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होती. दादा म्हणाले, "तुमच्याकडं गोडं पाणी रगड होतं गो! मी मेला दोन बादल्या घेऊन आंगोळ केली!"

मुलगी हसली. म्हणाली, "आई ती गोष्ट नेहमी सांगायची. त्या साली पाऊस झाला नव्हता. त्या दोन बादल्या म्हणजे आमच्या घरचं चार दिवसांचं पाणी. आम्ही शहाळ्यांवर काढले ते दिवस."

दादांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "बाय माजे! आणि ती बोलली का नाय मला?"

"आई म्हणायची, तो इतका आनंदानं गात होता!"

पेटीवाले, थांबा जरा. वाजवू नका.

मंडळी, दादा यंत्र गेलं म्हणून निवांत झाले होते. म्हणत होते, फिटलं! आणि त्या दिवशी त्यांना कळलं, आपल्याला मिळालं किती, हेच आपल्याला ठाऊक नव्हतं! मोठा झालेला देश असो नाहीतर तुमच्याआमच्यासारखा माणूस — आपण काय दिलं ते चारचौघांत सांगतो. पण आपण गात होतो तेव्हा दारात तहानलेलं कोण उभं होतं?

काका, आता सांगा उत्तर! ... नको, इथे नको. घरी जा. कुणीतरी आठवेल — मावशी, मास्तर, शेजारीण. आज असतील तर उद्या सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभे राहा. नसतील तर त्यांच्या लेकरांना पाणी विचारा. उचला टाळ, आणि ज्याचं नाव आत्ता मनात आलं, त्याच्यासाठी एकदा विठ्ठल म्हणा!