चाळीला पाच तारे, घराला दीड

मी मूळचा चांदवडचा, जन्मच कांद्याच्या ढिगावर झालेला म्हणा ना, आई सांगायची की मी पहिल्यांदा रडलो तेव्हा आळीतल्या सगळ्या बायांच्या डोळ्यांतनं पाणी आलं, खरंखोटं त्या माउलीला ठाऊक. माझी कांदा साठवायची चाळ, काय सांगू तुम्हाला, खालून वारं, दोन्ही अंगांनी लाकडी पट्ट्यांतनं वारं, आत कांदा असा झोपतो जसा जावई सासरवाडीला.

मग हायवेला लागून नवं घर बांधलं. धूळ नको म्हणून खिडक्यांना काचा, काचांवर प्लास्टिक, झरोके बुजवले, का तर उंदीर येतील. उन्हाळ्यात भिंतीला पापड चिकटवला तर भाजून निघायचा, आन पावसाळ्यात न्हाणीमागं एवढी बुरशी की आमची बायको हौसा म्हणायची, अवो, आज हिचीच भाजी टाकू का?

हसायचो आम्ही. पण नातीची, आमच्या परीची, छाती वाजायला लागली. डॉक्टर म्हणाले, घरची हवा बघा. सून पोरीला घेऊन नाशिकला माहेरी गेली, जाताना म्हणाली, मामा, भांडण नाही, पण घर तपासून घ्या, चांगला शेरा आल्याशिवाय परीला आणणार नाही. लेक ओझरला कारखान्यात, तो आपला तिच्याकडं बघून मान हलवी आन माझ्याकडं बघूनही.

तपासायला एक ताई आली, हातात डबी. त्या डबीनं हवा, ओल, उकाडा मोजून तिनं घराला तारे द्यायचे, जास्तीत जास्त पाच. पाहुणी येणार म्हणून मी दारं लावून धूप घातला, उदबत्त्यांचा अख्खा पुडा जाळला. डबी अशी किंचाळली की शेजारची गाय दावं तोडून पार घाटापर्यंत पळाली! ताई खोकत म्हणाली, काका, आधी दारं उघडा. धूर गेल्यावर पुन्हा मोजलं, तरी दीडच तारा.

नाक राखायला म्हटलं, ताई, जरा चाळीत फिरवा की डबी. फिरवली. म्हणाली, काका, हिला पाच द्यावे लागतील. मी मिशीला पीळ भरणार तेवढ्यात हौसा म्हणाली, कांदा सडंल याची एवढी धास्ती, आन नातीची नाय व्हय?

लय लागलं ते. झरोके उघडले, समोरासमोर जाळीच्या खिडक्या बसवल्या, न्हाणीचा गळका नळ बदलला, पाणी तापवायची चूल बाहेर नेली, ऊन परतावं म्हणून स्लॅबला वरनं चुना मारला. गवंडी म्हणाला, नाना, घर करताय का चाळ? म्हटलं, चाळच समज, माल लय नाजूक हाय.

ताई परत आली, चार तारे दिले, पाचवा हायवेच्या धुळीनं खाल्ला. खाऊ दे. दुसऱ्या दिवशी सून दारात, कडेवर परी. आता पोर दुपारी खिडकीखाली झोपते, मी छातीला कान लावतो, तर काही वाजत नाय. शेजारीण म्हणते, एवढ्या वाऱ्यानं पोर उडून जाईल. उडू दे की, चांदवडच्या घाटात झेलीन मी. तुमच्याही घरात असंच वारं खेळो बाबा, आन उदबत्ती लावाल तर एकच लावा, खिडकी उघडून.