बाबांनी तपासलेली चिप

आमच्या बाबांचं सांगतो. शेअर घ्यायचा तर माल आधी स्वतः तपासणार. यावेळी कंपनी होती कमी बॅटरी खाणाऱ्या एआय चिपची. तीच चिप आईच्या ऐकायच्या नव्या मशीनमध्ये.

“दिवसभर चालते म्हणतात. बोलल्याशिवाय कसं कळणार?” असं म्हणून, एरवी जेवताना फक्त ‘मीठ दे’ म्हणणारा माणूस सकाळपासून आईशी बोलत बसला. शहाडचं बालपण, नदीत बुडता बुडता कसे वाचले ते, सगळं काढलं.

संध्याकाळी मी कामावरून आलो, तर बाबांचा घसा बसलेला आणि मशीन चालूच.

“पास झाली,” बाबा म्हणाले. “उद्याच शेअर घेतो.”

आई म्हणाली, “अहो, एवढी घाई कशाला? अजून आठवडाभर तपासा की.”